परतीची वाट आणि आपलें वाङ्मय

परदेशीं गेलेला मनुष्य स्वदेशीं परत कां येतो, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे इतकें ठरून गेलेलें आहे, कीं तो प्रश्न आहे असेंहि सहसा कोणास वाटत नाहीं. मायभूमीची ओढ, हें तें उत्तर. शाळेंतील निबंधांत, सत्काराच्या भाषणांत आणि लग्नकार्यांतील गप्पांतहि तें सारखेंच ऐकूं येतें. जें उत्तर सर्वत्र सारखेंच ऐकूं येतें, त्याकडे टीकाकारानें थोड्या संशयानें पाहिलेलें बरें. आपलें प्रवासवाङ्मय उघडून पाहिलें, तर जाण्याचीं कारणें पानोपानीं सांगितलेलीं आढळतात. परत येण्याचें कारण मात्र बहुधा परतीचें तिकीट हेंच असतें. पंडिता रमाबाईंसारखे अपवाद आहेत. १८८९ सालीं त्यांनीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्याच वर्षीं मुंबईस शारदासदन उघडलें. त्यांच्या परतण्याला हेतु होता व तो त्यांच्या लेखनांतून दिसतोहि. परंतु असे लेखक थोडे. बाकीच्यांचा लेखणीशीं संबंध बोट धक्क्याला लागतांच संपतो.

या ठरलेल्या उत्तराला आपल्या वाङ्मयांत सर्वांत मोठा आधार सांपडला, तो सावरकरांच्या एका कवितेचा. १९०९ सालीं ब्रायटनच्या समुद्रकांठीं रचलेली, सागराला उद्देशून असलेली ती कविता महाराष्ट्रांतील तीन-चार पिढ्यांच्या कानीं आहे. तिची थोरवी कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु ती कोणाची कविता आहे, हें विसरतां कामा नये. ज्याची परतीची वाट परकीय सरकार अडविणार हें स्पष्ट दिसत होतें, अशा माणसाची ती कविता आहे. १९१० च्या मार्च महिन्यांत सावरकरांना लंडनांत अटक झाली. ते स्वदेशीं आले ते कैदी म्हणून, आणि १९११ सालीं त्यांची रवानगी अंदमानास झाली. वाट बंद झालेल्या माणसाजवळ ओढीवांचून दुसरें कांहीं उरतच नाहीं, म्हणून ती ओढ तेथें पूर्ण सत्य होते. वाचकांनीं पुढें केलें तें असें, कीं अडविलेल्या माणसाची ती व्यथा उचलून तिचा सर्वांना लागू पडणारा नियम बनविला.

वाट मोकळी असतां जे परत येतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. ओढ तर न परतणाऱ्यांनाहि असते. परदेशांत कायमचीं राहिलेलीं कित्येक मराठी कुटुंबें गणपतीचे दिवस येथल्याहून अधिक निष्ठेनें पाळतात, आणि तरीहि परत येत नाहींत. उलट, ओढीचा फारसा उच्चार न करतां गांठोडें बांधून परतलेलीं माणसेंहि आपण पाहतों. तेव्हां परत येण्याचें कारण ओढीच्या पलीकडे कोठें तरी शोधावयास हवें.

त्या शोधांत पहिला धक्का बसतो तो आपल्याच घरांत. १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून बाबासाहेब आंबेडकर लंडनांतील अभ्यास अर्धवट टाकून परत आले आणि ठरल्याप्रमाणें बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यास निघाले. त्यानंतर काय झालें, तें त्यांनींच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या आत्मकथनांत लिहून ठेवलें आहे. पांच वर्षें अमेरिकेंत व इंग्लंडांत राहिल्यामुळें आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच मनांतून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरतांच, रात्रीं निजावयाचें कोठें, या साध्या प्रश्नानें ती परत आली. पारशी धर्मशाळेंत नांव लपवून काढलेले थोडे दिवस, मग लाठ्या घेऊन दारांत उभा राहिलेला जमाव, आणि शेवटीं शहर सोडून जाणें, असा तो वृत्तांत आहे. त्याचें नांवच पाहण्यासारखें आहे. परवाना मिळण्याची वाट पाहणें ही परक्या देशाच्या दारांत घडणारी गोष्ट. ती येथें स्वदेशांत घडली. परतणें निराळें आणि घरीं पोंचणें निराळें, हें या पानांइतकें उघड करून सांगणारें लेखन मला ठाऊक नाहीं.

यावरून घराची एक कामचलाऊ व्याख्या करतां येईल: जेथें आपण कोण आहों याचा पुरावा कोणी मागत नाहीं, तें घर. ही व्याख्या कितपत टिकते, हें पडताळून पाहावयास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्या पनवेलीच्या आसपास एक असा समाज पिढ्यान् पिढ्या नांदला, कीं ज्याला या शतकांतच नव्हे, तर गेल्या शतकांतहि घर या शब्दाची सर्वांत कठीण परीक्षा द्यावी लागली. तो समाज म्हणजे बेने इस्रायल, अर्थात् कोंकणांतील मराठी यहुदी.

या लोकांची आख्यायिका प्रसिद्धच आहे. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं त्यांचें गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांचा वंश कोंकणच्या गांवोगांवीं पसरला. तेल गाळण्याचा धंदा त्यांनीं धरला आणि शनिवारीं घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. त्यांनीं आडनांवें घेतलीं तीं गांवांवरून: केहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, पनवेलकर. अठराव्या शतकापासून ते मुंबईस जाऊं लागले. पलटणींत, रेल्वेंत, कचेऱ्यांत त्यांनीं नांव मिळविलें. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत पहिलें सिनॅगॉग बांधलें. पनवेलीचें बेथ एल सिनॅगॉग १८४९ सालचें आहे. १९३७ सालीं डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले. या सगळ्या काळांत त्यांच्या शेजाऱ्यांनीं त्यांना धर्मावरून छळल्याचें उदाहरण नाहीं. जगांतील यहुद्यांच्या इतिहासांत असें म्हणण्याचा प्रसंग विरळाच.

असा हा समाज येथून गेला कां? याचें उत्तर त्यांच्या एका पुस्तकांत आहे. वल्हांडणाच्या रात्रीं घरोघर वाचावयाची ‘हगादा’ ही पोथी १८४६ सालीं मुंबईस मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि १८७४ सालीं पुण्यासहि निघाली. मिसर देशाच्या दास्यांतून सुटल्याची कथा तींत आहे, आणि पुढल्या वर्षीं जेरुसलेमास असावें अशी इच्छा तींत व्यक्त होते. म्हणजे पनवेलकर आडनांवाचा मनुष्य वर्षांतून एकदां, शुद्ध मराठींत, जेरुसलेमचें स्मरण करीत होता. त्याला घरें दोन होतीं: एक आडनांवांतलें आणि एक प्रार्थनेंतलें. शेंकडों वर्षें या दोहोंत कांहीं विरोध नव्हता, कारण प्रार्थनेंतल्या घरीं जाण्याची वाटच नव्हती. १९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें आणि ती वाट मोकळी झाली. त्याच सुमारास हिंदुस्थानांतहि जुनें राज्य जाऊन नवें आलें होतें. ब्रिटिशांच्या कचेऱ्यांतून आणि रेल्वेंतून ज्यांचें जीवन उभें होतें, त्यांना पुढील दिवसांची काळजी वाटणें स्वाभाविक होतें. पहिल्या चार-पांच वर्षांत दोन हजारांहून अधिक बेने इस्रायल तिकडे गेले.

आणि त्यांतील कित्येकांनीं, तेथें पोंचल्यावर, परत जाऊं द्या म्हणून मागणी केली. ही हकीकत महाराष्ट्रांत फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५१ च्या अखेरीस बेने इस्रायल कुटुंबांनीं तेल अवीव येथें ज्यूइश एजन्सीच्या कचेरीपुढें धरणें धरलें. काम मिळत नाहीं, मिळतें तें अंगमेहनतीचें. राहावयास छावण्यांतील तंबू आणि पत्र्याच्या खोल्या. ही तक्रार तेथें आलेल्या दुसऱ्या देशांतील लोकांचीहि होती, कारण तें नवें राज्यच त्या वेळीं हलाखींत होतें. परंतु यांच्या तक्रारींत एक निराळा कांटा होता. पांढरा पाव गोऱ्यांसाठीं व काळा पाव हिंदी लोकांसाठीं, असें आम्हांस सुनावण्यांत आलें, असें ते सांगत. पाव काळा कीं पांढरा, याचें दु:ख नव्हतें. ज्या घराचें नांव आपण शेंकडों वर्षें घेत आलों, त्या घराच्या दारांत आपला रंग पाहिला गेला, याचें होतें. त्यांनीं धरणें हा जो मार्ग अवलंबिला, तोहि येथूनच नेलेला. १९५२ सालीं शंभराहून अधिक लोकांना एजन्सीनें स्वखर्चानें हिंदुस्थानांत परत पाठविलें.

येथें कथा संपली असती, तर आपल्या ठरलेल्या उत्तराला ती फार शोभली असती: मायभूमीनें लेंकरांना परत ओढून घेतलें, असें म्हणतां आलें असतें. परंतु कथा पुढें चालू राहिली. परतलेल्यांपैकीं बहुतेक लोक कांहीं वर्षांतच पुन्हां इस्रायलास गेले. आपण घराची जी व्याख्या केली, ती येथें कसास लागते. पुरावा मागणारें घर सोडून ते पुरावा न मागणाऱ्या घरीं आले खरे. परंतु मुंबईंत नोकरी सोडून, खोली सोडून, भांडींकुंडीं विकून गेलेल्या माणसाला परत आल्यावर ना नोकरी मिळते ना खोली. शिवाय भाऊ तिकडे, सासर तिकडे, मुलीचें जमलेलें लग्न तिकडे. सन्मानानें घर बनतें, पण तेवढ्यानें संसार चालत नाहीं. म्हणून व्याख्येंत दुरुस्ती करावयास पाहिजे: पुरावा न मागणारें ठिकाण म्हणजे घर, परंतु तें रिकामें झालेलें नसावें.

तिकडचा पुराव्याचा प्रश्न मात्र मिटला नव्हता, तो वाढला. १९६२ सालीं इस्रायलच्या मुख्य धर्मपीठानें असा आदेश काढला, कीं बेने इस्रायल वधूवरांच्या विवाहाची नोंद करण्यापूर्वीं त्यांच्या कुळाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांनीं कोंकणांत शनिवारच्या घाण्यावरून आपली ओळख राखली, त्यांना आतां तेथें आपलें यहुदीपण सिद्ध करावें लागणार होतें. १९६४ च्या उन्हाळ्यांत जेरुसलेमांत त्यांनीं पुन्हां धरणें धरलें. ऑगस्टांत इस्रायलच्या संसदेनें ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें जाहीर केलें, आणि आदेशांतून त्यांचें नांव गेलें. या वेळीं मात्र मागणी परत पाठवा अशी नव्हती. येथेंच राहतों, पण मानानें राहूं द्या, अशी होती. तेरा वर्षांत परतण्याचा प्रश्न राहण्याचा प्रश्न झाला होता.

हा इतिहास इतक्या विस्तारानें सांगितला, याचें कारण असें, कीं वाङ्मयाची पारख करावयास हातीं कांहीं वजन असावें लागतें. आतां त्या वजनानें या समाजांतील लेखकांचें लेखन तोलून पाहूं.

पहिलें नांव अर्थात् निस्सीम इझिकेल यांचें. १९२४ सालीं मुंबईस एका बेने इस्रायल घरांत त्यांचा जन्म झाला. वडील विल्सन कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४८ सालीं ते लंडनास गेले. प्रवासखर्च मित्र इब्राहीम अल्काझी यांनीं दिला. सुमारें साडेतीन वर्षें तेथें काढून १९५२ सालीं ते एका मालवाहू बोटीवर डेक घांसण्याचें काम पत्करून परत आले. वाचकांनीं सन ध्यानांत घ्यावें. ज्या वर्षीं इस्रायलहून शंभरावर बेने इस्रायल परत आले, त्याच वर्षीं त्यांच्यांतीलच हा तरुण कवि विलायतेहून परत आला. त्याच वर्षीं त्याचा पहिला काव्यसंग्रहहि लंडनांत निघाला.

या परतण्याचा हिशेब इझिकेलांनीं ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या कवितेंत मांडला. ती १९७६ च्या ‘हिम्स इन डार्कनेस’ या संग्रहांत आहे. शाळेंत निरनिराळ्या धर्मांच्या मुलांनीं केलेली टिंगल, लंडनांतील तळघरांतलें दारिद्र्य, अपयशाची कबुली, बोटीवरची मजुरी, तेल गाळणारे पूर्वज, इंग्रजांच्या पलटणींत गेलेला एक पूर्वज, असे सगळे प्रसंग ती कविता कोरड्या, जवळजवळ थट्टेच्या स्वरांत सांगत जाते. मायभूमीचा गहिंवर तींत नांवालाहि नाहीं. घरीं आल्यावर येथें आपलेपण कसें वाटावें, हाच मुख्य प्रश्न उरला, असें कवि सांगतो. म्हणजे घरीं येऊनहि घर मिळवावयाचेंच राहतें. आणि शेवटीं तो केवळ एक निश्चय बोलून दाखवितो: आहे तेथेंच राहण्याचा. इतर लोक जसे दूरच्या मागासलेल्या ठिकाणीं सेवा करावयास जातात, तसें आपलें मागासलेलें ठिकाण हेंच, असें तो म्हणतो. ओढीच्या जागीं निश्चय आला, हें या कवितेचें सर्वांत मोठें काम आहे. ओढ मनांत आपोआप येते आणि आपोआप जाते. निश्चय रोज नवा करावा लागतो.

याच निश्चयाचा गद्यांतील पुरावा म्हणजे त्यांचा १९६५ चा ‘नायपॉल्स इंडिया अँड माइन’ हा निबंध. व्ही. एस्. नायपॉल यांचें ‘अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस’ हें पुस्तक १९६४ सालीं निघालें. नायपॉलांचे पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून त्रिनिदादला गेलेले. नातू हिंदुस्थानांत येतो, आजोबांच्या गांवापर्यंत जातो, आणि चिडून, थकून परत फिरतो. इझिकेल त्यांना असें सांगत नाहींत, कीं तुम्हीं पाहिलेली घाण व दैन्य खोटें आहे. तें खरें आहे, मी त्यांतच राहतों, असेंच ते म्हणतात. तक्रार आहे ती दृष्टीबद्दल: या लेखकाला माणसें दिसलीं नाहींत, स्वत:चा वैताग तेवढा दिसला. आणि मग ते एक महत्त्वाची गोष्ट सांगतात: मी हिंदु नाहीं, माझ्या पार्श्वभूमीमुळें मी येथें स्वाभाविकपणेंच थोडा बाहेरचा ठरतों, तरी परिस्थितीनें आणि माझ्या निर्णयांनीं मला या देशाशीं जोडलें आहे. या जोडीची गंमत पाहावी. रक्तानें हिंदु असलेला नातू घर शोधावयास येऊन परका ठरतो. परका म्हणवून घेणारा यहुदी ठाम घरचा होतो. जन्म आणि घर यांचें समीकरण येथें मुळापासून सुटतें.

तरी इझिकेलांच्या कवितेवर माझा एक आक्षेप आहे. तो निश्चय एकट्या माणसाचा आहे, आणि तो करणें त्या माणसाला परवडणारें होतें. इंग्रजी ही त्याची लेखनाची भाषा. पुढें मिठीबाई कॉलेजांत तो इंग्रजीचा प्राध्यापक झाला. मुंबईंत त्याला मित्रमंडळ व वाचकवर्ग होता. त्याच वर्षीं परतलेल्या त्या शंभर लोकांजवळ यांतील कांहीं नव्हतें. राहीन, असा निश्चय त्यांनींहि कदाचित् केला असेल; रिकाम्या खोलीनें तो टिकूं दिला नाहीं. कवितेंत पूर्वज येतात, परंतु आजूबाजूनें बोटींत व विमानांत चढणारे भाऊबंद येत नाहींत. म्हणून ती कविता धीट वाटते, पण तिच्या धिटाईची किंमत दुसऱ्या कोणीं तरी मोजलेली आहे अशी रुखरुख मनांत राहते. कवीवर सर्व समाजाचें ओझें लादणें न्याय्य नाहीं, हें मी जाणतों. परंतु ज्या विषयाला त्यानें हात घातला, त्याचा अर्धा भाग उजेडांत आला आणि अर्धा अंधारांत राहिला, एवढें म्हणण्याचा टीकाकारास अधिकार आहे.

तो अंधारांतील अर्धा भाग कादंबरीकारांनीं, आणि लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी, कीं स्त्रियांनीं, उजळला. मीरा महादेवन यांची ‘अपना घर’ ही हिंदी कादंबरी १९६१ सालीं निघाली. पुढें १९७५ सालीं ती इंग्रजींत ‘शुलामिथ’ या नांवानें आली. जावें कीं राहावें, या प्रश्नानें एक बेने इस्रायल कुटुंब आंतून कसें दुभंगतें, हा तिचा विषय आहे. रचनेच्या दृष्टीनें ती सफाईदार आहे असें मी म्हणणार नाहीं. पण एक गोष्ट तिनें नेमकी हेरली: कोणतें राष्ट्र आपलें, हा प्रश्न पुरुष बैठकींत बोलून सोडवितात, आणि त्या उत्तराची झळ स्वयंपाकघरांत पोंचते. जी स्त्री लग्नांत एकदां घर सोडून आली, तिला घर सोडण्याचा अर्थ निराळा कळतो. याच लेखिकेनें १९६९ सालीं दिल्लींत बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठीं ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था सुरू केली. दुसऱ्यांचीं घरें बांधणाऱ्या बेघर आयांचीं मुलें सांभाळण्याचें तें काम. कादंबरीच्या नांवाशेजारीं ठेवून पाहिलें, तर लेखिकेच्या मनाची दिशा एकच होती असें दिसतें.

एस्थर डेव्हिड यांची ‘द बुक ऑफ रेचल’ ही इंग्रजी कादंबरी आपल्या अगदीं शेजारची आहे. अलिबागेकडील दांडें गांवीं समुद्राजवळ एकटी राहणारी म्हातारी रेचल, इस्रायलास गेलेलीं तिचीं मुलें, ओस पडलेलें सिनॅगॉग, त्याची ती रोज करीत असलेली झाडलोट, आणि त्या जागेवर डोळा ठेवून असलेले लोक: एवढ्यावर ती कादंबरी उभी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभीं एक पाककृति दिलेली आहे. प्रथम ही सजावट वाटते. पुढें कळतें, कीं ज्या घरांतील खाणारे दूर गेले, त्या घराचा इतिहास सांगण्याचा तोच एक मार्ग उरलेला होता. शेवटाकडे गोष्टी थोड्या सोप्या रीतीनें जुळतात, हा दोष मान्य करावयास हवा. परंतु परतणाऱ्यांविषयींच्या साऱ्या चर्चेंत जें माणूस विसरलें जातें, तें येथें मध्यभागीं आहे: जें कधीं गेलेंच नाहीं तें. कोणी परत येऊं शकतो, तो दाराला कुलूप न लागूं देणारें कोणी तरी मागें राहिलें म्हणून. आडनांवांतलें घर रिकामें होऊं न देण्याचें काम रेचल करते. शीला रोहेकर यांच्या २०१३ च्या ‘मिस सॅम्युएल: एक यहूदी गाथा’ या हिंदी कादंबरींतहि मागें राहिलेल्यांचें हें एकटेपण आहे, आणि तें अधिक कडवट आहे.

आतां वाचकांच्या ध्यानांत एक गोष्ट आलीच असेल. वर जीं पुस्तकें सांगितलीं, तीं इंग्रजींत आहेत किंवा हिंदींत. ज्या समाजानें पोथ्या मराठींत वाचल्या, बायबलांतील कथांवर मराठींत कीर्तनें रचून टाळमृदंगाच्या साथीनें केलीं, नवस फेडतांना मलिद्याचें ताट मांडून ज्याच्या बायकांनीं मराठी गाणीं म्हटलीं, त्या समाजाच्या जाण्यायेण्याची कथा मराठीबाहेर लिहिली गेली. हाईम केहीमकरांनीं १८९७ च्या सुमारास लिहिलेला या समाजाचा इतिहासहि इंग्रजींत, आणि तो छापला गेला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. याचा दोष त्या लेखकांकडे जात नाहीं. ज्याला जी भाषा साधली, त्यानें तींत लिहिलें. प्रश्न मराठी साहित्याला आहे. शेजारचें घर बंद झालें, याची नोंद ठेवण्याचें काम शेजाऱ्याचेंहि असतें. आमच्या कथा-कादंबऱ्यांत कोंकण आलें. त्यांतील खोत आले, कुळें आलीं, दर्यावर्दी आले, मुंबईस गेलेले चाकरमाने आले. शनिवारीं बंद राहणारा घाणा त्या मानानें किती थोडा आला! आणि इकडे असें असतां, तिकडे काय झालें? इस्रायलांत स्थायिक झालेल्या या लोकांनीं १९८० नंतरच्या काळांत ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिक काढलें. मातृभूमि सोडून गेलेल्यांनीं मातृभाषा सोडली नाहीं, आणि मातृभूमींत राहिलेल्या भाषेनें त्यांच्याकडे फारसें वळून पाहिलें नाहीं.

हा जुन्या, लहानशा समाजाचा प्रश्न आहे, आपला त्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध उघड आहे. आज महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत अमेरिकेंत, इंग्लंडांत किंवा आखाती देशांत कोणी नाहीं, असें घर विरळा. पनवेलीच्या शेजारीं २०२५ सालच्या ऑक्टोबरांत नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें. जाणें आणि येणें आतां आमच्या अंगणांतून होणार. जीं मुलें परत येतात, त्यांच्या परतण्याचीं कारणें आपण पुन्हां त्याच ठरलेल्या शब्दांत सांगणार: ओढ. आईबापांचें वार्धक्य, मुलांची तुटत चाललेली भाषा, संपलेला परवाना, गेलेली नोकरी, कचेरींत सहन केलेला बारीकसारीक अपमान, हीं खरीं कारणें त्या एका शब्दाखालीं झांकलीं जाणार. परत आलेल्या मुलाला आपण हार घालणार, आणि मग आठ दिवसांनीं, तेथें कांहीं जमलें नाहीं काय, असें हळूच विचारणार. हा प्रश्न विचारणें म्हणजे पुरावा मागणेंच आहे. तो विचारला, कीं घराचा एक चिरा निखळतो.

बेने इस्रायलांच्या जाण्यायेण्यांतून आणि त्यांच्या लेखकांच्या लेखनांतून मला जें दिसतें, तें असें: परत येणाऱ्याच्या मनांत काय आहे, यावर सर्व चर्चा खर्च होते, तो ज्या दारांत येऊन उभा राहतो, त्या दारापलीकडच्या माणसांनीं काय केलें, हा प्रश्न मागें पडतो. १९१७ सालीं बडोद्यास तें दार उघडलें नाहीं. १९५२ सालीं मुंबईस तें उघडें होतें, पण आंत जागा उरली नव्हती. दांडें येथें एक म्हातारी तें उघडें ठेवून बसली आहे, निदान कादंबरींत तरी. मराठी साहित्यानें परतणाऱ्यांचीं गाणीं पुष्कळ गाइलीं. आतां दाराच्या आंतल्या बाजूस उभ्या असलेल्या माणसांची कथा त्यानें लिहावी. तिचें साहित्य पनवेलीपासून रेवदंड्यापर्यंत अजून शिल्लक आहे, आणि ती सांगूं शकणारीं मराठी बोलणारीं वृद्ध माणसें अश्दोद, लोद आणि दिमोना येथें अजून हयात आहेत. तीं फार दिवस असणार नाहींत.